काशीकामांतील गोमूत्रिका

(१) विषयप्रवेश

दक्षिणेंतील जुन्या स्थळांवरून गोळा केलेले निळ्या-पांढऱ्या झिलईच्या लाद्यांचे तुकडे कित्येक संग्राहकांजवळ आढळतात. पोथ्या, नाणीं, मोहरा यांच्या शेजारीं एखाद्या डबींत कापसावर असा तुकडा ठेवलेला असतो, आणि त्याच्या चिठ्ठीवर बहुधा दोनच शब्द असतात : 'इराणी लादी'. या दोन शब्दांनीं वस्तूचा निकाल लागला असें वाटूं लागतें. ती लादी कोणत्या भिंतीची होती, भिंतीच्या कोणत्या भागावर होती, ती कोणी व कोठें कापली, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही झिलईच्या लाद्यांवरील एकच नक्षी विचारास घेणार आहों. डावीकडून चढावें, टोंकाशीं वळावें, उजवीकडे उतरावें आणि पुन्हां चढावें अशी जी कोनाकोनांची वांकडी रेघ, तिच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्यांची ती नक्षी होय. घरांच्या भिंतींवर व जमिनींवर ती आज पुन्हां मोठ्या आवडीनें बसविली जाते, म्हणूनही तिचा पूर्ववृत्तांत तपासणें अस्थानीं होणार नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : झिलईच्या लादींतून ही नक्षी उठवावयाची तर ती लादी, ज्या भिंतीवर बसावयाची त्या भिंतीचें माप घेऊनच कापावी लागते. सबब अशा पट्ट्याचा तुकडा हा केवळ आणलेल्या मालाचा पुरावा नव्हे, जागेवर बसून काम करणाऱ्या हातांचाही तो पुरावा आहे. परंतु तुकडा भिंतीवरून निघाला कीं या पुराव्याचा मोठा भाग त्याच क्षणीं नाहींसा होतो.

(२) नांवाचा विचार

या आकृतीस संस्कृतांत फार जुनें व नेमकें नांव आहे, तें 'गोमूत्रिका'. चालतां चालतां मूत्र सोडणाऱ्या बैलाच्या मागें धुळींत जी डावी-उजवीकडे आलटून पालटून वळणारी रेघ उमटते, तिच्यावरून हें नांव पडलें. नांव ग्राम्य वाटलें तरी शास्त्रकारांनीं तें निःसंकोच वापरलें आहे. दण्डीनें काव्यादर्शाच्या तृतीय परिच्छेदांत गोमूत्रिका-बन्धाचें लक्षण दिलें आहे. श्लोकाचीं दोन अर्धें एकाखालीं एक लिहावीं. दोहोंतील एकाआड एक अक्षरें सारखीं असावीं. म्हणजे वरच्या ओळींतील एक अक्षर, खालच्या ओळींतील पुढचें, पुन्हां वरचें अशा वांकड्या वाटेनें वाचीत गेलें असतां तोच श्लोक हातीं येतो. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गांत व माघानें शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गांत हा बन्ध साधून दाखविला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दहाव्या अधिकरणामध्यें घोडदळाच्या युद्धप्रकारांची जी यादी आहे, तींतही गोमूत्रिका आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथील हस्तलिखितावरून १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, हें संग्राहक वाचकांस सांगावयास नकोच.

मराठींत या आकृतीस सर्रास 'नागमोडी' म्हणतात. पण नागाची मोड गोलाईची असते; तिला टोंक नसतें. आपणांस हवी असलेली रेघ टोंकदार आहे, म्हणून या लेखापुरतें आम्ही 'गोमूत्रिका' हेंच नांव योजतों. मूळ उपमेंतील रेघही थोडी गोलसरच असते हें खरें. परंतु बन्धाचें चित्र काढतांना पोथी लिहिणारे लेखक ती सरळ रेघांनीं व कोनांनींच काढतात, आणि तोच संकेत आम्ही स्वीकारला आहे.

येथें आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यानें वर्णनांत पुष्कळ घोटाळा होतो. दुरून सारख्या दिसणाऱ्या दोन बांधण्या आहेत. पहिल्या बांधणींत प्रत्येक तुकड्याचीं टोंकें तिरपीं कापलेलीं असतात. डावा तुकडा व उजवा तुकडा एका सरळ उभ्या रेघेवर टोंकाला टोंक लावून भेटतात आणि बाणाच्या अग्रासारखा स्वच्छ कोन होतो. हीच खरी गोमूत्रिका. दुसऱ्या बांधणींत तुकडे साधे लांबट चौकोनी असतात. एकाचें टोंक दुसऱ्याच्या कडेस काटकोनांत टेकतें आणि मधली रेघ सरळ न राहतां पायरीपायरीनें चढते. धान्याच्या कणसांत दाणे जसे दोहों बाजूंनीं एकाआड एक बसलेले असतात तशी ही रचना दिसते. रोमन लोकांनीं तिला कणसावरूनच नांव दिलें होतें. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील स्थपति व्हित्रूव्हिअस यानें आपल्या वास्तुग्रंथाच्या सातव्या भागाच्या पहिल्याच अध्यायांत घरांच्या जमिनी सांगतांना तिबुर येथील अशा कणीसबंद भाजलेल्या विटांचा उल्लेख केला असून, त्या बसवितांना खळगे वा उंचवटे राहूं नयेत, घांसून सपाटी आणावी, अशी ताकीद दिली आहे. या दुसऱ्या बांधणीस आम्ही 'कणीस-बांधणी' म्हणूं. तिला तिरपी काप लागत नाहीं, म्हणून वीट हातीं आहे असा कोणताही गवंडी ती करूं शकतो. पहिलीचें तसें नाहीं.

(३) द्रव्य व कृति

झिलईच्या लाद्यांच्या कामास फारशींत 'काशी' अथवा 'काशीकारी' म्हणतात. हा शब्द आमच्या वाराणसीवरून आलेला नसून इराणांतील काशान या शहरावरून आलेला आहे. त्या शहरांतील एका नामांकित कुंभार-घराण्यांत जन्मलेला व पुढें मंगोल दरबारचा इतिहासकार झालेला अबुल कासिम काशानी यानें इ. स. १३०१ मध्यें रत्नें व सुगंधी द्रव्यें यांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटीं आपल्या घराण्याची विद्या सांगितली. या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती इस्तंबुल येथें मिळाल्या आणि तो भाग १९३५ मध्यें जर्मन विद्वानांनीं छापून प्रसिद्ध केला. कारागिरीचें गुपित बहुधा बापाकडून मुलाकडे तोंडींच जात असे. तें घराण्यांतील माणसानें स्वतः लिहून ठेवल्याचें हें उदाहरण फार मोलाचें आहे.

त्यानें दिलेलें प्रमाण असें : गारगोटीची पूड दहा भाग, काचेची पूड एक भाग, आणि चिकण पांढरी माती एक भाग. म्हणजे ही लादी आपल्या विटेसारखी मुख्यतः मातीची नसते. ती मुख्यतः गारेची असते व काच तिला आंतून बांधून धरते. तिच्या पृष्ठावर काचेचीच झिलई असते. निळ्या रंगासाठीं कोबाल्टाची खनिजमाती लागे, व ती काशानजवळच्या कमसर गांवीं मिळे असें तो सांगतो. मोरपिशी रंग तांब्यापासून, अपारदर्शक पांढरा कथलापासून आणि जांभळट काळा मँगनीजपासून येतो.

या लाद्यांवर अनेकरंगी नक्षी आणण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत एकाच लादीवर सर्व रंग भरून ती भाजतात. दुसरींत प्रत्येक रंगाची लादी वेगळी, तिला मानवेल त्या आंचेवर भाजून घेतात आणि मग त्या लाद्या छिन्नीनें कापून तुकडे जुळवितात. दुसऱ्या तऱ्हेंत रंग अधिक खोल व शुद्ध उतरतो, कारण एका रंगासाठीं दुसऱ्यास भट्टींत तडजोड करावी लागत नाहीं. मात्र श्रम अनेकपट लागतात. कागदावर काढलेली आकृति लादीवर चिकटवून तिच्या कडेनें तुकडा फोडतात. त्याच्या कडा पाठीकडे निमुळत्या घांसतात, म्हणजे दर्शनी सांधा केसासारखा बारीक राहून मागें चुन्यास जागा मिळते. नंतर हे तुकडे तोंड खालीं करून आकृतीवर मांडतात, पाठीवर गच ओततात, आणि तो घट्ट झालेला तक्ता उचलून भिंतीस लावतात.

आतां गोमूत्रिकेची खरी अडचण लक्षांत येईल. दगडाचा किंवा लांकडाचा तिरपा तुकडा उलटा केला कीं डाव्याचा उजवा होतो. त्यास दोन्हीं तोंडें सारखीं असतात. काशीच्या लादीस मात्र एकच तोंड असतें, तिची पाठ उघडी पडलेली चालत नाहीं. म्हणून गोमूत्रिकेसाठीं डावे तुकडे वेगळे व उजवे तुकडे वेगळे, आरशांतील प्रतिमेप्रमाणें एकमेकांच्या उलट कापावे लागतात, आणि तेही संख्येनें बरोबरीचे. एका बाजूचे दहा अधिक झाले तर ते दुसऱ्या बाजूस निरुपयोगी. शिवाय तोंड खालीं करून मांडतांना कारागिरास सर्व नक्षी उलटी दिसते. त्याच्या डाव्या हातास असलेला तुकडा भिंतीवर उजवीकडे जातो. कोन अर्ध्या अंगुळानें चुकला तरी चूक पुढील प्रत्येक कोनांत सांठत जाऊन पट्ट्याच्या शेवटीं ढळढळीत दिसते. फुलापानांच्या नक्षींत एखादी पाकळी थोडी जाड झाली तर डोळा ती सोसून घेतो. गोमूत्रिकेंत डोळा रेघेबरोबर धांवत असतो, म्हणून तो अडखळतोच.

(४) बेदर येथील मनोरा

अहमदशाह वली (राज्यकाल १४२२–१४३६) यानें बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बेदरास नेली. त्या शतकांत बेदर व दौलताबाद येथें झिलईच्या लाद्यांचें काम झालें. दौलताबादचा चांदमिनार एके काळीं अशा लाद्यांनीं मढविलेला होता, आणि बेदरजवळ अष्टूर येथें १४५८ मध्यें मरण पावलेल्या अलाउद्दीन अहमदशाहाच्या कबरीच्या दर्शनी भागावर निळ्या रंगाच्या लाद्या अद्याप दिसतात. परंतु आपल्या विषयास सर्वांत उपयोगी वास्तु म्हणजे महमूद गावान याचा मदरसा होय.

गावान हा मूळचा इराणांतील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्तानें तो दक्षिणेंत आला व बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याच्या पत्रांचा 'रियाझुल् इन्शा' हा संग्रह प्रसिद्ध असून त्यांत जामी कवीस लिहिलेलीं पत्रेंही आहेत. १४७२ मध्यें त्यानें बेदर शहरांत हा मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयांत तीन हजार हस्तलिखितें होतीं असें परंपरा सांगते. १४८१ मध्यें सुलतानाच्या हुकुमानें गावानाचा वध झाला. औरंगजेबानें १६५७ मध्यें बेदर घेतल्यावर या वास्तूचा उपयोग सैन्याकडे गेला, आणि १६९६ च्या सुमारास तेथें सांठविलेल्या दारूचा स्फोट होऊन पुढील भागाचा मोठा हिस्सा कोसळला. दर्शनीच्या दोन मनोऱ्यांपैकीं आतां एकच उभा आहे. तो गोल, तीन मजल्यांचा, वर निमुळता होत गेलेला असून सुमारें १३१ फूट उंच आहे, आणि त्याच्या अंगावर झिलईच्या लाद्यांचे गोमूत्रिकेचे पट्टे आहेत. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं १९४७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या बेदरवरील ग्रंथांत या वास्तूचें सविस्तर वर्णन आहे.

सपाट भिंतीवर गोमूत्रिका काढतांना शेवटचा कोन अर्धा राहिला तर तो कोपऱ्यांत दडवितां येतो. गोल मनोऱ्यावर तशी सोय नाहीं. रेघ जेथून निघाली तेथेंच ती येऊन मिळाली पाहिजे. म्हणजे परिघांत पूर्ण कोनांचीच संख्या बसली पाहिजे. दुसरी अडचण मनोरा निमुळता असल्याची. एक कल्पित उदाहरण घेऊं. खालीं परीघ चोवीस हात व एका कोनाची रुंदी दीड हात धरली तर सोळा कोन बसतात. वर परीघ एकवीस हात झाला. तेथें तीच दीड हाताची रुंदी ठेविली तर चौदाच कोन बसतील, आणि वरच्या पट्ट्याचीं टोंकें खालच्या पट्ट्याच्या टोंकांवर येणार नाहींत. सोळा कोनच राखावयाचे तर प्रत्येकाची रुंदी छत्तीस अंगुळांवरून साडेएकतीस अंगुळांवर आली पाहिजे. म्हणजे प्रत्येक थरास तुकड्याची तिरपी काप थोडी थोडी बदलत जावी लागते. हा हिशेब कागदावर मांडतां येतो, पण शेवटचें माप बांधून उभ्या राहिलेल्या मनोऱ्यावरच दोरी लावून घ्यावें लागतें. कारण गवंड्याच्या हातून उठलेलें बांधकाम कागदावरील परिघाशीं तंतोतंत जुळत नाहीं.

(५) एक आक्षेप व त्याचें उत्तर

यावर कोणी म्हणेल कीं, बहामनी दरबारांत इराणी मंडळींचा भरणा मोठा होता, गावान स्वतः इराणी, मदरशाची आंखणीही खुरासानांतील खर्गिर्द येथें १४४४ मध्यें पुरा झालेल्या मदरशासारखी. तर मग हें काम इराणी म्हणण्यास काय हरकत आहे? यांतील प्रत्येक विधान आम्हांस मान्य आहे. आंखणी तिकडची, रीत तिकडची, कारागिरांपैकीं कित्येक जन्मानेंही तिकडचे असूं शकतील. आमचा वाद एवढाच कीं, लादी गलबतांतून येऊं शकते. निमुळत्या गोल मनोऱ्यावर मिळणारी गोमूत्रिका तशी येऊं शकत नाहीं. ती जुळविण्यासाठीं मापें घेणारा, डावे-उजवे तुकडे मोजून कापणारा, कमी पडले तर पुन्हां कापणारा असा कारखाना मनोऱ्याच्या पायथ्याशींच असावा लागतो. 'इराणी लादी' हे दोन शब्द या कारखान्यास इतिहासांतून पुसून टाकतात. त्याऐवजीं 'इराणी रीतीचें, बेदरांत जुळविलेलें काम' असें म्हटलें तर शब्द तीन वाढतात, पण एका शहराचे कारागीर हिशेबांत येतात.

दुसरीही एक गोष्ट आहे. गोमूत्रिकेची आकृति कोणा एका देशाची नाहीं. वेळूच्या कामट्यांचा तट्ट्या विणतांना कामटी दोन कामट्यांवरून व दोन कामट्यांखालून न्यावी आणि प्रत्येक ओळींत एक घर पुढें सरकावें, कीं तिरप्या रेघा आपोआप उमटतात. ठराविक अंतरावर दिशा पालटली कीं त्याच रेघांची गोमूत्रिका होते. कोंकणांत व देशावर अशा तट्ट्यांच्या कुडाचीं घरें कित्येक पिढ्यांनीं वापरलीं आहेत. घरांतील चटई व सूप यांतही हीच वीण आहे. झिलईच्या लादीचें विणकामाशीं नातें तर फारच जुनें आहे. मिसर देशांत सक्कारा येथें जोसर राजाच्या पिरॅमिडाखालील दालनांच्या भिंती, इसवी सनापूर्वीं सुमारें सत्ताविसाव्या शतकांत, निळ्या झिलईच्या सुमारें ३६,००० लाद्यांनीं मढविल्या आणि त्यांना लव्हाळ्याच्या चटईचें रूप दिलें. मेलेल्या राजाचें घर सजवावयाचें तर जिवंतपणींच्या घरांतील चटईच कारागिरास आठवली.

(६) घराच्या आंतील योजना

मनोरा दुरून पाहावयाचा असतो. घराची भिंत हाताच्या अंतरावर असते. म्हणून बाहेर शोभणारी मोठी गोमूत्रिका आंत तशीच आणतां येत नाहीं. बेदरच्या किल्ल्यांतील रंगीन महाल हा राहत्या वास्तूंतील काशीकामाचा उत्तम नमुना होय. महमूदशाह बहामनीच्या काळीं, १४८७ मध्यें राजवाड्यांत झालेल्या दंग्यानंतर हा महाल उठला व पुढें अली बरीद (राज्यकाल १५४२–१५८०) यानें तो नव्यानें सजविला असें इतिहासकार मानतात. कोरीव लांकडी खांबांच्या दालनांतून आपण आंतील खोल्यांकडे जातों. तेथें द्वाराभोंवतीं लाद्यांचें तुकडेकाम व काळ्या दगडांत शिंपल्याची जडण आहे. जागा आटोपशीर व प्रकाश बेताचा. आणि या बेताच्या प्रकाशांतच झिलई व शिंपला दोन्हीं झळकतात. सबंध भिंत झिलईनें भरून टाकण्याचा मोह येथें टाळलेला आहे. लांकूड, दगड, शिंपला व लादी यांनीं आपापला भाग वांटून घेतला आहे.

यावरून व काशीकामाच्या सर्वसाधारण रीतीवरून घराच्या आंत कोनाकोनांच्या नक्षीचें स्थान कोणतें तें समजतें. ती बहुधा कांठाची नक्षी आहे. लुगड्यास जसा कांठ, पोथीच्या पानास जसा हाशिया, तसा ती भिंतीच्या एका भागास दुसऱ्यापासून वेगळें करते. कमरेपर्यंतचा लाद्यांचा भाग जेथें संपून गिलाव्याची भिंत सुरू होते, द्वाराची चौकट जेथें भिंतीस मिळते, त्या सीमेवर ती शोभते. या जागीं कारागिराची परीक्षा कोपऱ्यांत होते. कांठ कोपऱ्यांत वळतांना रेघेचें टोंक नेमकें कोपऱ्यावर आलें पाहिजे. यासाठीं मोजणी कोपऱ्यापासून न करतां भिंतीच्या मध्यापासून दोहोंकडे करावी लागते, आणि बसत नसेल तर प्रत्येक कोन केसभर रुंद वा अरुंद करून तूट सर्वांत वांटून द्यावी लागते. ज्या जुन्या कामांत कोपऱ्यावर अर्धा कोन तुटलेला दिसतो, तेथें मागाहून दुरुस्ती झाली असावी कीं काय, हा संशय प्रथम घ्यावा.

(७) लादीकडून दगडाकडे

उत्तरेंत सतराव्या शतकांत हीच नक्षी दगडाच्या जडणकामांत शिरली. लाहोरजवळ शाहदरा येथील जहांगीराच्या कबरीचें काम १६३७ मध्यें पुरें झालें. तिच्या चारी मनोऱ्यांवर रंगीत दगडांची भली मोठी गोमूत्रिका आहे. आग्र्यास ताजमहालाच्या कडांवरील बारीक अर्धस्तंभांवरही तीच नक्षी दगडांत जडविलेली असून, संगमरवराच्या पांढऱ्या पृष्ठावर दोन अंगें जेथें मिळतात तेथील सीमा ती दाखविते. येथेंही ती कांठाचेंच काम करते हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वर सांगितल्याप्रमाणें दगडास झिलईची पाठ नसल्यानें डाव्या-उजव्याचा प्रश्न तेथें सौम्य होतो. शिवाय रंग वितळण्याची, झिलई उडण्याची भीति नाहीं. बेदरच्या लाद्या ऊन, पाऊस व मनुष्याचा हात यांनीं जितक्या झडल्या तितकी ही जडण झडलेली नाहीं.

(८) आजचीं घरें

एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून मिंटन कारखान्याच्या लाद्या मुंबईस आल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें त्या पाहावयास मिळतात. १९२२ मध्यें मुंबईंत भारत टाइल्स ही स्वदेशी संस्था निघाली आणि सिमेंटच्या नक्षीदार लाद्या इकडच्या घरांत पसरल्या. सिमेंटच्या लादींत नक्षी सांच्यानें एका चौरसाच्या आंतच उठविलेली असते. सांधा व रेघ यांचा संबंध तेथें तुटतो. आज गुजराथेंतील मोरबी वगैरे ठिकाणच्या कारखान्यांतून तिरप्या टोंकांच्या लाद्या तयार निघतात, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यामागें, न्हाणीघरांत किंवा दिवाणखान्याच्या जमिनीवर लोक त्यांची गोमूत्रिका बसवितात. जुन्या कारागिराचे नियम येथेंही तसेच लागू पडतात. झिलईच्या लाद्या घेतांना डाव्या व उजव्या समसमान असल्या पाहिजेत. काम भिंतीच्या किंवा जमिनीच्या मध्यरेषेवर सूत धरून सुरू केलें पाहिजे. टोंकें कोणत्या दिशेस करावयाचीं तें आधीं ठरविलें पाहिजे. जमिनीवर टोंकें दाराकडून आंत जाणारीं ठेविलीं तर खोली लांब भासते, आडवीं ठेविलीं तर रुंद भासते. सबंध खोलीभर चारी भिंतींवर ही नक्षी भरली तर डोळ्यास थारा राहत नाहीं. एक भिंत किंवा एक कांठ पुरे होतो. आणि खोली काटकोनांत नसेल तर गोमूत्रिका तें वैगुण्य झांकीत नाहीं, उघडें करते. अशा ठिकाणीं कणीस-बांधणी अधिक क्षमाशील ठरते.

(९) संग्राहकांस विनंती

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. पोथींतून फाडलेलें एक पान हातीं आलें तर त्यावरील अक्षरें वाचतां येतात, पण ग्रंथ कोणता, पान कितवें, मागेंपुढें काय होतें, हें कळत नाहीं; म्हणून पानें फाडून विकणाऱ्यास आपण दोष देतों. भिंतीवरून काढलेल्या लादीची गोष्ट याहून वेगळी नाहीं. फुलाचा तुकडा सुटा झाला तरी फूल ओळखतां येतें. गोमूत्रिकेचा तुकडा सुटा झाला म्हणजे निळ्या रंगाची एक तिरपी चकती उरते, आणि तिच्यावरून मनोऱ्याचा हिशेब कोणासही पुन्हां मांडतां येत नाहीं. यास्तव जागेवर असलेला तुकडा जागेवरच राहूं द्यावा. सैल झालेला दिसल्यास छायाचित्र घेऊन पुराणवस्तु खात्यास कळवावें.

जे तुकडे पूर्वींच संग्रहांत आले आहेत, त्यांविषयीं तरी पुढील गोष्टी चिठ्ठीवर नोंदवाव्या. पहिली, तुकडा कोठून व कोणत्या साली मिळाला, आणि भिंतीच्या कोणत्या उंचीवरील होता. दुसरी, झिलई वर ठेवून पाहिलें असतां तो डावा कीं उजवा. तिसरी, तिरप्या कापेचा कोन. एकाच ठिकाणच्या अनेक तुकड्यांचे कोन थोडथोडे भिन्न निघाले तर ते निमुळत्या पृष्ठावरील असण्याचा संभव आहे. चौथी, कडा पाठीकडे निमुळत्या घांसल्या आहेत कीं नाहींत. यावरून तो जुळविलेल्या कामाचा कीं एकाच लादीवर रंगविलेल्या कामाचा तें ठरण्यास मदत होते. पांचवी, पाठीस चिकटलेला चुना किंवा गच; तो खरवडून स्वच्छ करण्याची हौस बहुतेकांस असते, परंतु त्या चुन्यांतच तुकडा कोणत्या भिंतीचा हें सांगणारी शेवटची साक्ष असते. चार जणांच्या संग्रहांतील नोंदी अशा एकत्र झाल्या तर एका डबींतील उजवा तुकडा दुसऱ्या डबींतील डाव्यास मिळतो कीं नाहीं, हेंही पाहतां येईल.

बेदरच्या त्या कारागिरांचीं नांवें आपणांजवळ नाहींत. त्यांच्या हातांची मोजणी मात्र मनोऱ्यावर उरलेल्या रेघांत अद्याप आहे, आणि ती जशी आहे तशी मोजून लिहून ठेवणें हें आपल्या आटोक्यांतलें काम आहे. ज्या संग्राहकांकडे अशा लाद्या असतील त्यांनीं वरील पांच बाबींची नोंद करून ती प्रसिद्ध करावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतों.